समेवरचं ‘शे’

लोक तेजूला हसतील, ही भीती मीनाताईंच्या मनातून काही केल्या जात नव्हती. रविवारी पंचवटीतल्या सभागृहात त्यांची लेक तेजस्विनी स्वतः बांधलेल्या तीन बंदिशी गाणार होती. दोन ठीक होत्या. तिसरी अहिराणीत होती.

तेजस्विनी एकोणतीस वर्षांची. नाशिक रोडला भाड्याच्या खोलीत गाण्याचे वर्ग घेते. बंदिश सुचायला तिला चांदणं, नदीकाठ असलं काही लागत नाही. बाजारात कोथिंबीरवालीने लांब हाक दिली, की ही स्कूटी बाजूला घेऊन मोबाइलवर ती हाक टिपून ठेवते. गुरुजींकडे बारा वर्षं शिकली; पण जन्मभर त्यांच्याच चिजा गात बसणं तिला मानवेना. “जुनं गाईनच गं, पण रोज कानावर पडतं तेही कुणीतरी बांधायला नको का?” म्हणते.

तिसरी बंदिश तिला नामपूरला, आजोळी सापडली. आजीबरोबर, म्हणजे मीनाताईंच्या आई शकुबाईंबरोबर, ती कांद्याच्या लिलावाला गेली होती. बोली पुकारणारा “बाराशे... साडेबाराशे... तेराशे!” करत पुढे सरकत होता आणि दर वेळी ‘शे’ उंच नेऊन लांबवत होता. ही मोबाइल धरून त्याच्या मागे.

“कांदा इकाले उनी का गानं ऐकाले, वं?” शकुबाई म्हणाल्या.

“दोन्ही, आजी.”

“मंग भाव मी दखस, सूर तू दख.”

आजीच्या बोलण्यातही ‘शे’ होतंच. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. परतीच्या एसटीत ओळ जुळली: ‘मन्हा जीव तठे शे’. माझा जीव तिथे आहे. तीनताल, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नेमकी ‘शे’वर.

तेजूने ती हौसेने ऐकवली, तेव्हा मीनाताईंनी आधी खिडकी लावून घेतली. नामपूरहून नाशिकला कॉलेजात आल्या त्या दिवशी वसतिगृहात हजेरीला त्या “मी अठे शे” म्हणून गेल्या होत्या. मुलींनी पुढची तीन वर्षं त्यांना ‘शेवंताबाई’ केलं. तेव्हापासून तो शब्द जिभेवर येऊ दिला नाही. शाळेत मराठी शिकवलं, आणि घरात त्याहून कडक शिकवलं.

“तुला इतकी लाज वाटत असेल, तर वगळते मी ती,” तेजू म्हणाली होती. मीनाताईंनी विषय बदलला होता.

मग आज सकाळी तेजूने कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर हाती दिला. “शुद्धलेखन तेवढं बघ आणि छापखान्यात रवीदादाला पाठव.” मीनाताईंनी ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, एक अनुस्वार उडवला, आणि तिसऱ्या बंदिशीची ओळही ‘माझा जीव तिथे आहे’ अशी करून मजकूर पाठवून दिला. एकदा छापून आलं की पोरगी ऐकेल, असा हिशेब.

दुपारी मेथी निवडताना त्यांनी ती सुधारलेली ओळ म्हणून पाहिली. ‘तिथे’पर्यंत कशीबशी आली. पुढे ‘आ’वर सम धरली, तर ‘हे’ मागे लोंबकळायचं. ‘हे’वर धरली, तर ‘आ’ गिळावा लागायचा. चारदा झालं. पाचव्यांदा त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आणि हळूच ‘शे’ म्हटलं. हात आपोआप मांडीवर पडला, मेथीच्या देठासकट.

मग त्या कितीतरी वेळ तीच ओळ म्हणत बसल्या. मोठ्याने.

साडेतीन वाजले होते. रवी चारला छापायला घेणार होता. त्याला परस्पर सांगून ओळ पूर्ववत करता आली असती. तेजूला पत्ताही लागला नसता. पण तेजूच्या मनात ते ‘वगळते’ तसंच राहिलं असतं. रविवारी लोक हसतील, नाही हसतील. आईला लाज वाटते म्हणून ती थांबायला नको.

ती वर्गात असेल. चिडेल. ‘माझ्या बंदिशीला हात कसा लावलास?’ म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. मीनाताईंनी हात पुसले, रवीच्या आधी तेजूचा नंबर लावला.