जाईच्या वेलावरची सुतळी

बुलबुलाचं घरटं उघडं पाडलं मीच, आणि अक्काला सांगितलं की मांजर आलं असेल. जाईचा वास आला की नवनगरच्या आमच्या घराचं ते परस डोळ्यांपुढे येतं. भावजी गेल्यापासून माझी ही थोरली बहीण आमच्याकडेच होती. जेवायलासुद्धा तिला चारदा हाक मारावी लागे. मग जाईच्या वेलात बुलबुलानं घरटं केलं आणि ती आपणहून मागच्या पायरीवर येऊन बसू लागली. वेलाला हात नको म्हणून देवाची फुलंही ती बाजारातून आणायला लावी. "तम्मा, फोटो लांबूनच काढ हं. आई आहे ती, घाबरतीय," असं मला बजावायची. पण पानांआड पिल्लांच्या चोची नीट दिसेनात, म्हणून अक्का आंघोळीला गेल्यावर मी दोन फांद्या सुतळीनं मागे ओढून बांधल्या. फोटो सुंदर आले. सुतळी सोडायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं, भिंतीवर कावळे बसले होते, आणि बुलबुल चोचीत अळी धरून वेलाभोवती घिरट्या घालत होती. मी घाईघाईनं सुतळी सोडून खिशात कोंबली. "एवढ्या बारीक फांदीवर मांजर चढतं होय रे?" एवढंच म्हणून अक्का आत गेली. मागचं दार तिनं पुन्हा उघडलं नाही. यंदा वेल फुलला तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "अक्का, मांजर नव्हतं. फोटोसाठी फांद्या मी बांधल्या होत्या. चुकलं माझं, मला क्षमा कर."