माठाचा आलेख

पंचविशीत मला सगळं येत होतं. नंतर ते हळूहळू कमी होत गेलं.

तेव्हा मी नागपुरात मुलींच्या कॉलेजात अकरावीला गणित शिकवत होते. नोकरीत कायम व्हायचं की घरी बसायचं, हे तपासणीच्या एका तासावर ठरणार होतं. तपासायला येणाऱ्या साहेबांना वर्गातली चर्चा आवडते, अशी बातमी स्टाफरूममध्ये लागली. मग काय, 'बदलाचा दर' चर्चेतून शिकवायचं ठरवलं आणि मुलींनी उत्स्फूर्तपणे काय बोलायचं ते आदल्या दिवशी लिहून दिलं. पहिल्या बाकावरच्या चौघींना. बाकीच्यांनी कुतूहलाने बघायचं.

प्रश्न असा: नळाची धार सारखी असेल, तर माठातल्या पाण्याची पातळी कशी वाढेल? चौघींनी पाठ केलेला वाद घातला, ठरल्या वेळी एकमत केलं आणि मी पट्टी लावून फळ्यावर सरळ रेषा ओढली. धार सारखी, तर वाढही सारखी. पदक मिळवलेलं डोकं होतं, थट्टा नव्हे.

मागच्या बाकावरून पारशिवनी गावाहून आलेली मुलगी उठली. तिला बोलायचं काम दिलंच नव्हतं.

"मॅडम, माठ काही डबा नसते. पोटात पाणी हळू चढते, अन् गळ्याशी आलं का भसकन वर येते. ध्यान नसलं त सांडते."

मी गोड हसून तिला बसायला सांगितलं. साहेब म्हणाले, बोलू द्या. मग अख्खा वर्गच बोलू लागला. एकीने तर फळ्याशी येऊन माझी रेषा पुसली आणि नवी काढली: बुडाशी चढी, पोटाशी निजलेली, गळ्याशी पुन्हा चढी. पहिल्या बाकावरची एक कावरीबावरी होऊन म्हणाली, "मॅडम, हे तर आपल्या चर्चेत नव्हतं."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मी मुद्दामच चुकवलं होतं," मी म्हटलं. "मुलींना विचार करायला लावायचा होता."

आवाज जराही कापला नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं.

विचाराला चालना देण्याची हातोटी, असा शेरा मिळाला. मी कायम झाले. वर्गात पेढे वाटले. पारशिवनीच्या मुलीला दोन दिले. तिने दोन्ही निवांत खाल्ले आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी पाणी कोण भरते?"

"आई."

"तरीच," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.