सासूबाईंचा रविवार

माझ्या सासूबाई नगरकडच्या खेड्यातून बेंगळुरूला आल्या त्या एका पिशवीनिशी. पिशवीत मोजकी लुगडी, बायबल आणि परतीचं तिकीट. सासरे गेल्यापासून घरी त्या एकट्याच. मागच्या पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडल्या, तर शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून माझी झोप उडाली होती. त्यांनी आमच्याकडेच राहावं म्हणून मी आणि त्यांचा लेक हात धुऊन मागे लागलो होतो. पण बाई वस्ताद! आल्या आल्या अट घातली, "रविवारी मन लागेल अशी जागा दाखवा, राहते. नाहीतर माझं घर बरं."

एवढंच ना? मी पदर खोचला. म्हणजे ओढणी. मल्लेश्वरमला राहून चर्चला काय तोटा?

पहिल्या रविवारी त्यांना मराठी उपासनेला नेलं. पुण्या-मुंबईहून आलेली आमच्यासारखी आयटीवाली मंडळी एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जमतात. मराठी म्हटल्यावर काम फत्ते, असं मी धरूनच चालले होते. तिथं भिंतीवर गाण्याचे शब्द, गिटार, ड्रम, आणि पुढे एक भलतेच उत्साही गृहस्थ. "मोकळे व्हा! हात वर! अजून वर!" सगळ्यांचे हात वर गेले, माझेही गेले. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन, हात मांडीवर ठेवून ढिम्म. गृहस्थ चालत त्यांच्यापाशी आले, "आई, लाजू नका, मोकळ्या व्हा."

बाहेर पडल्या पडल्या सासूबाई कडाडल्या, "मी मोकळं कधी व्हायचं ते हा बाबा ठरवणार?"

मला फुटपाथवरच हसू फुटलं. पण तिकिटाची आठवण झाली आणि हसू तिथंच विरलं.

पुढच्या रविवारी मोठं इंग्रजी चर्च. लाकडी बाकं, गुळगुळीत फरशी, माणसंसुद्धा इस्त्री केलेली. उपदेशातलं सासूबाईंना ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रभूचं नाव आलं की त्या गावच्या सवयीनं मोठ्यानं "आमेन" म्हणत होत्या. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून बघितलं. मग मी त्यांच्याकडे असं बघितलं, की बाई पुन्हा वळल्या नाहीत. देवाच्या दारात असं बघू नये, पण बघितलं.

घरी आल्यावर माझा तोल गेला. "आई, तुम्हाला हवंय तरी काय नेमकं?"

"मला काय ठाऊक? दिसलं की कळेल," असं म्हणून त्यांनी माझी मिक्सरमधली चटणी बोटानं बाजूला सारली. ती चटणी त्यांना पहिल्या दिवसापासून खपत नव्हती.

तिसरा रविवार उजाडला, तिकिटाला दोनच दिवस उरले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या अक्का धावून आल्या. या अक्का बेळगावकडच्या, आमच्यासारख्याच ख्रिस्ती, पण चर्च त्यांचं कन्नड. "स्वल्प लांब हाय, राजाजीनगरच्या पुढं. पण आज कापणीचा सण हाय आमच्यात, या की!" मी मनात म्हटलं, आता हे कन्नड कुणाला कळणार? सासूबाई मात्र "सरी" म्हणून चपला घालून दारात उभ्या. 'बरं' म्हणायचा हा कन्नड शब्द त्या भाजीवाल्याकडून शिकल्या होत्या.

तिथं चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर बसलो. पुढे लाल भोपळ्यांची रास, नाचणीची कणसं, ऊस. पाळकांनी कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. अक्का कानात म्हणाल्या, "आता ज्यानं त्यानं आपल्या मनासारखी स्तुती करायची. नको असंल त्यानं गप बसायचं."

आणि काय सांगू! एका आजोबांनी खिशातून माउथऑर्गन काढला. एक भरदार मिश्यांचे अण्णा स्तोत्र म्हणता म्हणता ढसाढसा रडले. एक बाई नुसती पालथी पडून राहिली. कुणी कुणाकडे बघतसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. पदर कमरेला खोचला. "ऊठ गं. फुगडी घालू."

"इथं?"

"मग कुठं?"

माहेरी त्या आळीभरच्या पोरींना फुगडीत हरवायच्या. लग्नानंतर सासरच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, हे पंचमीचं, आपल्यात नाही. त्या दिवसापासून बंद. हे त्यांनीच मला एकदा भाकरी थापता थापता सांगितलं होतं. मी ऑफिसात भल्याभल्यांना झापते, पण तिथं सतरंजीचं टोक धरून बसून राहिले. शेवटी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते, आणि हात दिले.

अगं बाई गं! ती बाई सत्तरीची की सतरा वर्षांची? पाय जुळवून, अंग मागं टाकून, तोंडानं फूं फूं करत अशी काही गरगर फिरवली मला, की पंखे, भोपळे, अक्कांचे दात, सगळं एकच झालं. कोपऱ्यातल्या ढोलकीवाल्यानं ठेका धरला. मी किंचाळत होते, हसत होते, "आई, पुरे!" म्हणत होते आणि हात सोडत नव्हते. शेवटी मीच भेलकांडून भोपळ्यांवर पडले. सासूबाईंनी लगेच अक्कांना ओढलं. बेळगावकडच्या त्या, त्यांना शिकवावं लागलं नाही.

परत येताना रिक्षात सासूबाईंनी कमरेचा पदर सोडून नीट केला. मग म्हणाल्या, "देवाला ठाऊकच नव्हतं गं, मला फुगडी येते ते."

"असं कसं आई? त्याला सगळं ठाऊक असतं."

"ऐकून असेल. बघितली आज."

मी त्यांचा हात धरून बसले. तो अजून गरम होता.

सिग्नलला रिक्षा थांबली तशा त्या म्हणाल्या, "लेकाला फोन लाव. म्हणावं, गावाहून माझा पाटा-वरवंटा घेऊन ये. तुझ्या त्या मिक्सरच्या चटणीवर मी किती दिवस काढू?"

मी रिक्षावाल्या अण्णांच्या कानाशी ओरडतच फोन लावला.