काटा एक, ओळी तीन

जिन्याखालच्या त्या दुकानात कधी गेलात, तर एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आतली बाई "बोल" म्हणाली, तर बोलू नका. ती तुम्हाला म्हणत नाही. नवखं गिऱ्हाईक हमखास फसतं. बाई स्टॅबिलायझर उघडते, मीटरच्या काळ्या वायरीचं टोक, म्हणजे काळा प्रोब, पत्र्याला अडकवते, लाल प्रोबचं टोक नेमक्या जागी टेकवते आणि मान वर न करता म्हणते, "बोल." गिऱ्हाइकाला वाटतं आपल्यालाच विचारलं. मग ते बिचारं सुरू होतं, की परवा लाइट गेली, आली तेव्हा जळका वास आला, मेव्हण्याला नको म्हटलं तरी त्यानं हात घातलाच. बाई यातलं काही ऐकत नाही. समोर खुंटीला टांगलेल्या मीटरवरचा आकडा तिनं एव्हाना स्वतःच वाचलेला असतो.

गल्लीत तिला मीटरताई म्हणतात. वय अठ्ठावन्न, चष्मे दोन, एक नाकावर आणि एक डोक्यावर, आणि शोधायला लागते ती कायम तिसराच. लग्नाचं जमलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणते, "जमवायला बसायला वेळ कुणाला होता?" दुकान वडिलांचं. रेडिओ, अॅम्प्लिफायर, चार्जर, शिलाई मशीनची मोटर, जे येईल ते ती दुरुस्त करते. पण खरा जीव मीटरांत. लहानमोठी अकरा मीटरं आहेत तिच्याकडे. शेजारचा शिंपी तिला चिडवतो, की एका माणसाला एवढी मीटरं लागतात कशाला? तिचं उत्तर ठरलेलं: "एक मोजायला. दुसरं, पहिलं खरं बोलतंय का ते बघायला. तिसरं त्या दोघांचं भांडण मिटवायला." उरलेल्या आठांचं काय, हे शिंप्यानं अजून विचारलेलं नाही.

शिवाय वायरला नुसतं कवेत घेऊन करंट सांगणारा एक चिमटा आहे, तिनं स्वतः जोडलेला सिग्नल जनरेटर आहे, आणि विजेच्या लाटा पडद्यावर काढून दाखवणारा एक जुना स्कोप आहे. त्याचा पडदा उजळायला इतका वेळ लागतो की तोवर चहा होतो. हे सगळं ती रोज सकाळी फडक्यानं पुसते. मीटर खोटं दाखवतंय म्हणून रडणारे मेकॅनिक तिला मुळीच चालत नाहीत. "नाचता येईना अंगण वाकडं," असं तोंडावर म्हणते. मीटरनं कधी कुणाला फसवलेलं नाही, फसवतो तो माणूस, हे तिचं मत आहे. आणि ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

कारण ते "बोल" ती जिला म्हणते, ती धाकटी बहीण सव्वीस वर्षांपूर्वी ते दुकान सोडून गेली.

वडिलांच्या काळी दुकानात मीटर एकच होतं, काट्याचं, जाडजूड काळं, कातडी पट्ट्याचं. वडिलांनी दोघी पोरींना कामाची रीत शिकवली ती अशी: एकीनं टोचायचं, एकीनं वाचायचं. टोचणारीनं नजर प्रोबच्या टोकावरून हलवायची नाही, कारण टोक निसटलं की भलत्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटतात आणि धूर निघतो. वाचणारीनं एक डोळा मिटून काट्याकडे बघायचं. काट्याच्या मागे आरशाची बारीक पट्टी असते. काटा स्वतःच्याच प्रतिबिंबाला झाकतो तेव्हा नजर सरळ आहे असं समजायचं, आणि मगच आकडा बोलायचा. थोरली टोचायची आणि म्हणायची, "बोल." धाकटी स्टुलावरून बोलायची.

आणि काय बोलायची! नुसता आकडा तिनं कधी सांगितला नाही. "बारा... थांब, लाजतोय... साडेबारा." "चढतोय, चढतोय, दमला बघ, चाळीस." एखादा खराब कंडेन्सर निघाला की म्हणायची, "ताई, हा उठायलाच तयार नाही, याला झोपू दे." वडील खोटं खोटं रागवायचे आणि पाठ करून हसायचे. वडील गेले, तरी दोघींचं हे चालू राहिलं. थोरलीला तेव्हा वाटायचं की दुकान आपण चालवतो. खरं तर दुकान तो आवाज चालवत होता, आणि हे तिला कळलं तेव्हा तो आवाज दुकानात नव्हता.

त्या मीटरची एक मेख होती. काटा एकच, पण त्याखाली आकड्यांच्या ओळी तीन. कुठली ओळ वाचायची ते खालच्या नॉबवर ठरायचं. काटा त्याच जागी उभा असला, तरी नॉब पन्नासवर असेल तर ते पंधरा व्होल्ट, आणि हजारावर असेल तर तेच तीनशे. म्हणून वडिलांचा एक नियम होता, आणि त्यात सूट नव्हती. नॉब टोचणारीनं फिरवायचा, आणि फिरवला की तोंडानं सांगायचं, "पन्नास," किंवा "हजार." वाचणारीनं खाली बघायचंच नाही. तिचं लक्ष आरशात.

त्या दुपारी एका सभागृहाचा मोठा अॅम्प्लिफायर टेबलावर होता. मालक शेजारी उभा. थोरलीनं आधी लहान व्होल्टेज मोजलं. "पन्नास," म्हणाली होती. मग मशीन बंद केलं. आता मोठ्या कंडेन्सरमध्ये काही शिल्लक आहे का ते बघायचं होतं. मशीन बंद केलं तरी हे कंडेन्सर पोटात वीज धरून बसतात. तेवढ्यात शिंप्यानं दारातून विचारलं, "माझी इस्त्री झाली का?" ती म्हणाली, "संध्याकाळी न्या." मग टोक टेकवलं. "बोल."

"पंधरा," धाकटी म्हणाली.

पंधरा म्हणजे काहीच नाही. थोरलीनं हात आत घातला.

पुढचं तिला आठवतं ते जमिनीवरून. कपाट कलतं दिसत होतं, डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती, अॅम्प्लिफायर उलटा पडला होता आणि त्यातल्या काचेच्या नळ्या फुटून काचांचा खच झाला होता. धाकटी तिला उठवत होती आणि रडत होती. आणि थोरली, जीव वाचला म्हणून आभार मानायचं सोडून, मालकादेखत, शिंप्यादेखत ओरडली, "आंधळी आहेस का? तीनशेला पंधरा म्हणतेस? डोळे आहेत की सदऱ्याची बटणं? पुन्हा त्या स्टुलावर बसायचं नाही!"

धाकटी पुन्हा बसली नाही.

संध्याकाळी बोटांना पट्टी बांधून थोरली मीटर पेटीत ठेवायला गेली, आणि तिनं नॉब बघितला. तो हजारावर होता. मग सगळं आठवलं. शिंप्याला उत्तर देता देता तिनंच तो फिरवला होता. हाताला सवय होती. पण त्या वेळी तोंड शिंप्याशी बोलण्यात गुंतलं होतं, आणि "हजार" हा शब्द राहून गेला होता. धाकटीनं जे दिसलं ते अगदी बरोबर वाचलं होतं.

त्याच क्षणी हाक मारायला हवी होती. धाकटी दहा पावलांवर काचा गोळा करत होती. पण चार माणसांत एवढं बोलून झाल्यावर शब्द मागे घेणं म्हणजे तोंडावर पडणं. उद्या सांगू, थोरलीनं ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं नॉब बंदवर आणला आणि पेटी लावली. उद्याचा परवा झाला, परवाचा पुढचा आठवडा. धाकटी दोन महिने दुकानात येत राहिली, कॉइल गुंडाळायची, खोकी पुसायची, गप्प असायची. मग तिला दुसऱ्या शहरात, एका कचेरीत नोकरी लागली. तिकडेच लग्न झालं, मुलगी झाली. फोन यायचे, गुडघेदुखीचे, पाहुण्यांचे, गळक्या नळांचे. भांडण कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

थोरलीनं नंतर आकडे दाखवणारी मीटरं घेतली. तिथे ओळी नाहीत, आरसा नाही, दुसरं माणूसही लागत नाही. खुंटीला टांगा आणि वाचा. एकापाठोपाठ एक अशी ती घेत गेली, आणि प्रत्येक नव्या मीटरसमोर पहिल्या दिवशी प्रोब टेकवून म्हणाली, "बोल." मीटर काय बोलणार? ते बारा पॉइंट चार दाखवतं आणि गप्प बसतं. लाजतोय की दमलाय, हे ते सांगत नाही. सव्वीस वर्षं तिला ते ऐकायचं आहे. अगदी पोट दुखावं तसं दुखतं कधी कधी, भर दुपारी, काम हातात असताना.

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. भाची आता कॉलेजात हेच शिकते.

"मावशी, मला मीटर घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

मीटरताईला कोण आनंद झाला! हातातलं काम टाकून ती अर्धा तास बोलली. "स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नकोस. आत चांगला फ्यूज आहे का बघ. प्रोबची वायर मऊ हवी. आणि लाल वायर अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्ट मोजायला जाऊ नकोस. सगळे एकदा मोजतात. तूही मोजशील, फ्यूज उडेल, आणि मग मलाच फोन करशील."

भाची खळखळून हसली. "आईला विचारलं तर म्हणाली, मला नको विचारू, मावशीला विचार. आईला मीटर वाचता येत नाही ना! आमच्याकडे घड्याळात किती वाजले असं तिला विचारलं, की बाबा लगेच म्हणतात, नीट वाच गं, पंधरा की तीनशे?"

"आई काय म्हणते मग?"

"हसते. काय म्हणणार?"

मीटरताईनं फोन ठेवला. तिला बसवेना. आजवर तिला वाटत होतं की आपली ही गोष्ट एका पेटीत बंद आहे. ती तर दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरात, जेवणाच्या टेबलावर रोज हसण्यावारी नेली जात होती, आणि धाकटी तिथे बसून हसत होती. पुढचे तीन दिवस तिच्या हातून एकही काम धड झालं नाही. शिंप्याची इस्त्री तिनं दुसऱ्याच गिऱ्हाइकाला दिली. चौथ्या दिवशी दुपारी तिनं शटर अर्धं खाली ओढलं आणि फोन लावला.

"काय गं ताई, आज दुपारी? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुझा गुडघा?"

"आहे आपला. डॉक्टर म्हणतात जिना नको. इथे जिन्याशिवाय आहे काय?"

"ऐक ना." मीटरताई थांबली. सव्वीस वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य ऐन वेळी सापडेना. "त्या दिवशी नॉब हजारावर होता. मी फिरवला होता. तुला सांगितलं नव्हतं. तू बरोबर वाचलंस."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू पडलीस, तुला उठवलं, आणि मी पहिल्यांदा नॉबच बघितला. हजारावर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलणार, ताई? तू म्हणशील म्हणून थांबले. दोन महिने रोज वाटायचं, आज म्हणेल. तू नुसतं म्हणाली असतीस ना, तर मी कुठ्ठे जाणार नव्हते."

मीटरताईला इतकी वर्षं वाटायचं, वाट बघतोय ते आपणच. तिनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, आणि तो कुठे ठेवावा ते तिला समजेना.

"आणि लेकीला असं कशाला सांगितलंस? वाचता येत नाही म्हणून?"

"मग काय सांगायचं होतं? मावशी खोटं बोलली म्हणून?" धाकटी हसायला गेली आणि तिचा आवाज फाटला. "जाऊ दे आता. झालं."

"झालं नाही. लेक घरी आहे ना? दे तिला."

"कशाला गं? राहू दे. तुझं केवढं कौतुक आहे तिला."

"दे म्हटलं ना."

फोन या हातातून त्या हातात गेला. भाची म्हणाली, "मावशी, घेतलं मी मीटर! फ्यूज बघून घेतला."

"छान केलंस. हे बघ, मी काय सांगते ते नीट ऐक, आणि बाबा घरी आले की त्यांनाही सांग. तुझ्या आईनं त्या दिवशी आकडा बरोबर वाचला होता. चूक माझी होती. मी ते लपवलं, आणि तुझ्या आईनं माझ्यासाठी ते अंगावर घेतलं. तिच्यासारखं मीटर वाचणारं मी आजवर दुसरं कुणी बघितलेलं नाही."

भाची नुसतं "आई..." म्हणाली. तिच्या मागून धाकटीच्या रडण्याचा आवाज येत होता, मोठा, मोकळा, आणि मीटरताई फोन कानाला घट्ट लावून तो ऐकत उभी राहिली.