गाडीचं तोंड रस्त्याकडे

नाना कुठेही गेले, लग्नाला, दहाव्याला, पत्रकार परिषदेला, की आधी मोटारसायकल वळवून घेत. तिचं तोंड रस्त्याकडे झाल्याशिवाय ते हेल्मेट काढत नसत. आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत भाजी घ्यायला थांबले तरी तेच. भाजीवाली म्हणायची, "नाना, मी काही मारत नाही तुम्हाला."

"तू नाही मारणार गं. पण सवय मोडली की घात होतो. निघताना वळवायला वेळ मिळेलच असं नाही."

मी एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो. नाना माझ्या शेजारच्या घरात राहत. एका मोठ्या दैनिकातली उपसंपादकाची नोकरी त्यांनी सोडली, ती जाहिराती आणायला सांगितल्या म्हणून. त्यानंतर ते स्वतंत्रपणे लिहीत, जो छापेल त्याच्याकडे. पण लिहिण्यापेक्षा त्यांचा जास्त वेळ जाई तो जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या तालुक्यांच्या गावी. बसस्टँडजवळच्या हॉटेलात ते तिथल्या वार्ताहरांना गोळा करत आणि चहा पाजून तीन गोष्टी सांगत. गाडीचं तोंड रस्त्याकडे. निघताना कोणाला तरी सांगून निघायचं. पोचल्यावर फोन.

चोपड्याला एकदा मी बरोबर होतो. केळीच्या भावाची बातमी देणारा एक जाडजूड गृहस्थ हसत म्हणाला, "नाना, मी बाजार समितीमा जास, लढाईवर नई."

"भाव कोण पाडतं ते लिहून बघ एकदा," नाना म्हणाले. "मग सांग मला, कुठे जातोस ते."

सगळे हसले. जाडजूड गृहस्थ जरा उशिरा हसला.

हे पोचल्याचे फोन नानांना येत. नाना गाडीवर असतील तर? म्हणून त्यांनी मला न विचारताच माझा नंबर सगळ्यांना देऊन टाकला. जेवायला बसलो की फोन वाजे. "काका, पोचलो." फोन बंद.

बायको विचारायची, "कोण पोचलं?"

"माहीत नाही."

"कुठे?"

"तेही नाही."

"बरं," ती म्हणायची, "पोचलं ना? मग जेवा."

एकदा मी नानांची मिळकत आणि पेट्रोल यांचा मेळ घालून त्यांच्यापुढे ठेवला. मेळ बसत नव्हता. नानांनी कागद नीट वाचला, माझी एक बेरीज चुकली होती ती दाखवली, आणि म्हणाले, "भाऊ, घरी परत आलेली माणसं कुठल्या रकान्यात धरतोस?" मी कागद घडी करून खिशात घातला.

तालुक्याच्या वार्ताहराची गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्याला पगार नसतो, नेमणुकीचं पत्र नसतं. तो अंक वाटतो, जाहिराती आणतो, आणि त्या बदल्यात त्याच्या बातम्या छापतात. बातमीवर त्याचं नाव नसतं. कंसात नुसतं 'वार्ताहर' असतं.

शिंदखेडा तालुक्यातला असा एक वार्ताहर नानांचा लाडका होता. बोलायला गरीब, बातमीला पक्का. तापीच्या पात्रातून रात्रंदिवस वाळू उपसली जात होती, त्यावर त्याने तीन बातम्या दिल्या. चौथ्या वेळी भर दुपारी डंपरचे फोटो काढायला तो नदीवर गेला. गावापासून जवळच होतं, म्हणून कोणाला सांगितलं नाही. गाडी उतारावर तशीच लावली. वाळूच्या ठेकेदाराची माणसं आली तेव्हा तो गाडी वळवत होता. डावा हात कोपरात मोडला. मोबाइल नदीत गेला.

आम्ही धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. नानांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाले, "तोंड नदीकडे होतं रे, भाऊ, गाडीचं." पुढे कित्येक दिवस ते मध्येच हे वाक्य बोलत.

पत्रकाराला मारहाण झाली तर लावायचा एक वेगळा कायदा आहे. नाना तो लावून घ्यायला पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब सभ्य होते. म्हणाले, "लावतो ना. तो पत्रकार आहे असं पेपरचं पत्र आणा."

पेपरच्या कचेरीतल्या माणसाने आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "तो आमचा अंक विक्रेता आहे, नाना. बातम्या पाठवायची त्याला हौस आहे."

"हौसेनं हात मोडला का त्याचा?"

"तुम्ही रागावू नका. पण कागदावर तो आमचा नाही."

मग नानांनी त्याच्या सगळ्या जुन्या बातम्यांची कात्रणं काढली. माझ्या घरच्या पलंगावर, जमिनीवर, देवघरासमोर कात्रणं पसरली होती. रस्ते, बोंडअळी, दवाखान्यात नसलेले डॉक्टर. सगळीकडे कंसात 'वार्ताहर'. नाव एकाही बातमीवर नव्हतं. वेगळा कायदा लागलाच नाही. साधी मारामारीची केस झाली.

त्या पेपरात त्याचं नाव फक्त एकदाच छापून आलं होतं, आणि ते आम्हाला तालुक्याच्या कोर्टात कळलं. ठेकेदाराच्या वकिलाने अंकाचं एक पान वर धरलं. ठेकेदाराच्या वाढदिवसाची पाव पान जाहिरात, मध्ये त्याचा फेट्यातला फोटो, खाली शुभेच्छुकांची नावं. ही जाहिरात आमच्या वार्ताहरानेच आणली होती, मारहाणीच्या आदल्या वर्षी. अशा जाहिरातीत शुभेच्छुक कमी पडले तर जागा मोकळी दिसते आणि जाहिरात देणारी पार्टी नाराज होते. म्हणून वार्ताहर शेवटी स्वतःचं नाव टाकून ओळ भरतो. खानदेशात सगळेच टाकतात. कोणी त्याचा विचारही करत नाही.

"हे नाव तुमचंच ना?"

"हो, साहेब."

"म्हणजे यांच्याशी तुमचे घरोब्याचे संबंध?"

मागच्या बाकावर ठेकेदार बसला होता. त्याने घड्याळ बघितलं.

"मग तुम्हाला मारलं कोणी?"

आमचा माणूस खाली बघत म्हणाला, "मी गाडीवरथीन पडनू, साहेब."

बाहेर लिंबाखाली तो नानांच्या समोर उभा राहिला. कोपर सरळ होत नव्हतं. "नाना, माले गावमा ऱ्हावानं शे. पोरनं लगीन शे. तुम्ही जळगावले निंघी जाशात."

मला वाटलं, नाना आता ओरडतील. नाना म्हणाले, "पाणी पिलास का सकाळपासून?" आणि आपली बाटली त्याच्या हातात दिली.

पिंप्राळ्यात परत आल्यावर नानांनी मोटारसायकल फाटकातून सरळ आत नेली आणि भिंतीकडे तोंड करून लावली. दमले असतील, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशीही ती तशीच होती. त्यानंतर ती तिथून निघालीच नाही.

फोन येत राहिले. नाना उचलत नसत, म्हणून सगळे मला येत. मग कमी झाले. मग एका आठवड्यात एकही आला नाही. बायको ताट वाढताना म्हणाली, "आज कोणी पोचलं नाही वाटतं."

नानांना त्यांची मुलगी सुरतला घेऊन गेली. स्टेशनवर मी म्हटलं, "पोचल्यावर फोन करा." त्यांनी मान हलवली. फोन आला नाही. दोन दिवसांनी मीच केला, मुलगी म्हणाली, "केव्हाच पोचलो की, काका."

मध्ये एकदाच त्यांचा स्वतःहून फोन आला. "गाडी विकून टाक, भाऊ. जे येतील ते शिंदखेड्याला दे. लग्न आहे."

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने चौदा हजार दिले. मी त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही. पाकिटात भरून लग्नाला गेलो.

मंडपात सोफ्यावर प्रमुख पाहुणा म्हणून ठेकेदार बसला होता. वधूपित्याने त्याला फेटा बांधला. डावा हात वर जाईना, म्हणून मेव्हण्याने दुसरं टोक धरलं. टाळ्या पडल्या.

मी वधूपित्याला बाजूला बोलावून पाकीट दिलं. "नानांकडून."

"नाना उनात का?" माझ्या मागे कोणी आलंय का ते बघत त्याने विचारलं.

"नाही."

त्याने पाकीट कपाळाला लावलं. आहेर लिहिणारा माणूस जवळच बसला होता. त्याने पेन उचलून विचारलं, "कोणाचं नाव लिहू?"

वधूपित्याने सोफ्याकडे बघितलं. "नाव लिहू नको," तो म्हणाला आणि पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं.

बाहेर येऊन मी सुरतला फोन लावला. "नाना, शिंदखेड्याहून बोलतोय. चौदा हजार मिळाले होते. सगळे त्याच्या हातात दिले."

"बरं झालं," नाना म्हणाले.

मी फोन कानाला धरून थांबलो. समोर माझी स्कूटर उभी होती, मंडपाबाहेर, तोंड रस्त्याकडे करून. नानांनी विचारलं नाही.