काटा अर्ध्यावर होता

जेबेझ ट्रेवोरो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या. माझ्या धाकट्या बहिणीचा, लव्हडेचा नवरा. खाणीतलं तांबं संपलं तेव्हा त्याने जुनी मोटार घेतली आणि माळावरच्या मेंढीवाल्यांना टपाल पोचवू लागला. पेट्रोल किती उरलंय ते बघायला टाकीचं झाकण काढायचं आणि खाचा पाडलेली काठी आत बुडवायची. सगळेच तसं करत. वाटेत घर लागलं की थांबायचं, काठी बुडवायची, चहा प्यायचा, पेट्रोल कमी असेल तर डबाभर मागून घ्यायचं. आमच्याकडे त्यात कुणाला लाज वाटत नसे.

मग त्याने दुसरी गाडी घेतली. हिच्यात समोरच काचेमागे काटा! टाकीत बुचाचा गोळा तरंगतो, तो खाली गेला की काटाही खाली. काय फुशारला होता! रविवारी चर्चच्या दारात एकेकाला गाडीत बसवून दाखवायचा. बंदराच्या वाटेवरचं शेवटचं घर हॉस्किंग म्हाताऱ्याचं. तो म्हणाला, "छान आहे रे. बायकोला दाखवायला बरा आहे. गाडी मात्र टाकीतल्या पेट्रोलवर चालते हं."

"तुम्ही बसा काठ्या बुडवत, आजोबा!" जेबेझ सगळ्यांदेखत म्हणाला. लोक हसले. म्हाताराही हसला.

त्या उन्हाळ्यात लव्हडे बाळंतपणात अडली. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, आत्ताच्या आत्ता बंदराच्या हॉस्पिटलात न्या. तिला निजवायला जागा हवी म्हणून आम्ही मागचे पेट्रोलचे डबे उतरवले आणि गादी घातली. हॉस्किंगचं फाटक दिसलं तशी मी म्हटलं, "थांब, इथून डबा घे."

त्याने काचेवर टिचकी मारली. "अर्धी टाकी आहे, केरेन. उगीच खोळंबा कशाला?" गाडी हळूसुद्धा केली नाही.

पुढे उघड्या माळावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

"नळीत धूळ अडकली," म्हणून त्याने नळी सोडवली, तोंडाने फुंकली. मग कार्बुरेटर उघडून त्याचे भाग रुमालावर मांडले. आत लव्हडे ओठ चावून कण्हत होती.

"अरे, टाकीत बघ आधी!"

"टाकीत काय बघायचंय? काटा अर्ध्यावर आहे!"

ऊन डोक्यावरून कलायला लागलं तरी याचं पुसणं संपेना. शेवटी मीच झुडपाची वाळकी फांदी मोडली, टाकीत खुपसली आणि त्याच्या नाकासमोर धरली. कोरडी ठणठणीत. मेल्याने फांदीकडे पाहिलं आणि परत वाकून काट्याकडे पाहिलं! अशी कानाखाली वाजवावीशी वाटली. नंतर कधीतरी गाडीच्या दुकानातला माणूस टाकी उघडून म्हणाला, गोळ्याची तार गंजून अडकली होती. "हा काटा अंदाजापुरता असतो, बाई." अंदाजापुरता म्हणे!

फांदी पाहिल्यावर कुठे जेबेझ हॉस्किंगच्या घराकडे धावत सुटला. लव्हडेने माझा हात घट्ट धरला होता. "येतोय ना गं तो?" एवढंच विचारत राहिली. मग विचारायची थांबली. मूल पोटातच राहिलं.

हॉस्किंग त्याला आपल्या ट्रकमधून घेऊन आला, तोवर मी तिच्या तोंडावर माझा एप्रन घातला होता. म्हाताऱ्याने हॅट काढली. मग त्यानेच टाकीत डबा ओतला.

"माझ्या दारावरून गेलास ना, पोरा? थांबला का नाहीस?"

जेबेझ खाली बघत म्हणाला, "तुम्ही हसला असता."

"हसलो असतो की," हॉस्किंग म्हणाला. "पोट धरधरून हसलो असतो. आणि डबा दिला असता."