राबाच्या धुरातलं पाखरू

परवा शेजारच्या प्लॉटवर कुणीतरी पालापाचोळा पेटवला, तो वास खोपोलीच्या आमच्या घरात शिरला. माझ्या सासरी, पोशीरला, भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर पाला जाळून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. हा तोच वास.

माझं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. मावळतीच्या उन्हात सासूबाईंनी राब पेटवला आणि बजावलं, "धुराला डोंगरावरचं पाखरू येतं. पंख झोपडीएवढं, दात करवतीसारखं. वर बघायचं नाय गं. नजर मिळाली का घर वळखतं."

वाफ्यातून उंदीर पळायला लागले. सगळ्या बाया माना खाली घालून कडेची आग हिरव्या फांद्यांनी झोडपत होत्या. तेवढ्यात समोरच्या धुरावर दोन अवाढव्य पंखांची सावली पसरली. आवाज काहीच नाही. मी वर बघितलं. डोक्यावर हातभर अंतरावर पांढरं, चपटं, माणसासारखं तोंड होतं आणि दोन काळे डोळे थेट माझ्याकडे बघत होते. मग ते उंदीर उचलून गेलं.

ते घुबड होतं आणि सावली मोठी केली ती तिरप्या उन्हाने, हे आज कळतं. तेव्हा मी जागेवर थिजले.

सासूबाईंनी माझा दंड धरला. दरवर्षी अख्ख्या गावाला त्याचे दात सांगणारी ती बाई मान खाली ठेवूनच हळूच म्हणाली, "कसं दिसतं गं ते?"